ग्रीसचा पंप

ऑक्टोबर १९९९. सातारा जिल्ह्यातल्या एका धरणाच्या पायथ्याला असलेल्या छोट्या वीजघरात मी ज्युनियर इंजिनिअर होतो. तारखेवर चालणारं प्रत्येक उपकरण तपासा, असं वायटूकेचं, म्हणजे सन २००० च्या संगणकी घोटाळ्याचं, परिपत्रक आलं. जुने संगणक सालाचे शेवटचे दोनच आकडे ठेवायचे. ९९ नंतर ०० आलं की त्यांना १९०० वाटणार, ही धास्ती.

मी यादी केली आणि प्रत्येक उपकरणापुढे एकच प्रश्न लिहिला: हे तारीख नुसती छापतं, की तारीख बघून काही करतं? गव्हर्नरचं काम मशीनच्या वेगाशी. बिघाड ओळखून मशीन तोडणारे रिले जुने, चकतीचे. त्यांना घड्याळच नाही. संगणक लॉगशीट छापतो, म्हणून तो ‘छापतं’च्या रकान्यात टाकला आणि मी निर्धास्त झालो.

रब्बीचं आवर्तन सुटायच्या आधी एक दिवस मागून घेतला. ब्रेकर उघडा ठेवून, म्हणजे ग्रिडपासून तोडून, मशीन रिकामं फिरवलं आणि संगणकाला ३१ डिसेंबर, रात्री ११:५५ लावले. पाच मिनिटांनी कागदावर ०१-०१-०० उमटलं. मशीनच्या आवाजात तसूभर फरक नाही. तास-दीड तास वाट पाहून मी बंद करायला सांगणार, तेवढ्यात टर्बाइन पिटमधून फिटर तात्या वर आले.

"साहेब, ग्रीसचा पंप अजून बोलला न्हाई."

टर्बाइनचं पाणी कमी-जास्त करणाऱ्या पात्यांच्या, म्हणजे गाइड व्हेनच्या, बेअरिंगांना दर तासाला ग्रीस देणारा तो पंप. पूर्वी टायमरवर होता. नूतनीकरणात कंत्राटदाराने संगणकाला जोडला आणि ड्रॉइंगवर ते दाखवलंच नाही. आत्ताच्या वेळेतून मागच्या ग्रीसची वेळ वजा करायची, तास भरला की पंप सुरू. पण ०० मधून ९९ गेले की उत्तर उणे. तो तास कधी भरणारच नव्हता. अलार्म नाही, ट्रिप होऊन मशीन आपोआप बंद पडणं नाही. महिनोन्‌महिने कोरड्या घासत गेलेल्या व्हेन एखाद्या दिवशी, अचानक लोड, म्हणजे मशीनवरचा विजेचा भार, गेल्यावर, मिटायच्या वेळीच अडकल्या असत्या आणि मशीन बेफाम पळालं असतं. त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी कराडहून साधा टायमर आणला. त्याला तास कळतात, साल कळत नाही. मग यादी पुन्हा पहिल्यापासून केली, पण या खेपेला ड्रॉइंग बाजूला ठेवून, तात्यांबरोबर एकेक वायर पॅनेलपासून मशीनपर्यंत हाताने चाचपत. २८ फेब्रुवारीची रात्रही लावून पाहिली, कारण १९०० लीप वर्ष नव्हतं, २००० आहे. कागदावर थेट १ मार्च आला. ते मात्र खरोखर नुसतं छापणं होतं.

३१ डिसेंबरला आपल्याकडे दुपारचे साडेचार वाजले तेव्हा न्यूझीलंडमध्ये मध्यरात्र झाली; तिथले दिवे चालू असल्याचं टीव्हीवर सांगितलं. तरी रात्री कुणी घरी गेलं नाही. औष्णिक केंद्र बंद पडलं तर ते उठवायलाच बाहेरून वीज लागते, जलविद्युत मशीन बॅटरी आणि पाण्यावर उठतं. त्यामुळे वेळ आलीच तर आधी आमच्यासारख्यांनाच उठावं लागणार होतं. बाराला वर कंट्रोल रूममध्ये सगळ्यांचे डोळे ग्रिडची तब्येत सांगणाऱ्या फ्रिक्वेन्सी मीटरवर होते. मी खाली पिटमध्ये, तात्यांशेजारी.

बारा वाजून वीस मिनिटांनी पंप बोलला. तात्यांनी बॅटरीच्या उजेडात वहीत वेळ लिहिली, ००:२०, आणि पुढे पूर्ण साल घातलं.