भंगारातल्या कानशीची सुरी आणि तिचे म्यान

घरच्या घरी सुरी बनवायची म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मोठी भट्टी, ऐरण आणि घण उभा राहतो. माझ्या मते छोट्या सुरीला यातले काही लागत नाही. लागते ती हातातले लोखंड नेमके कोणते आहे हे ओळखण्याची चिकाटी. पोलादाची नवी पट्टी घेतली की तिच्यात कार्बन किती आहे, ती किती तापवायची आणि कशात विझवायची, हे सगळे छापील मिळते. भंगारातल्या तुकड्याबरोबर असा कागद येत नाही, त्यामुळे ही माहिती त्याची परीक्षा घेऊनच मिळवावी लागते, आणि मला या कामाची खरी गोडी तिथेच वाटते.

माझी पहिली पसंती दात झिजून गुळगुळीत झालेल्या जुन्या कानशीला असते. चांगल्या कानशीत साधारण १ ते १.३ टक्के कार्बन असतो आणि छोट्या सुरीला ते पोलाद उत्तम. मात्र काही स्वस्त कानशींचा गाभा मऊ लोखंडाचा असून फक्त वरची साल कडक केलेली असते. ती घासताना निघून गेली की धार धरायला काही उरत नाही. गाडीच्या कमानपाट्यात कार्बन सुमारे ०.६ टक्के असतो. ते पोलाद चिवट खरे, पण जाड असते आणि वर्षानुवर्षे वाकून त्यात न दिसणाऱ्या भेगा पडलेल्या असू शकतात. यंत्राच्या करवतीची जुनी पाती बहुधा हायस्पीड स्टीलची असतात. त्यांना पाणी द्यायला, म्हणजे तापवून एकदम विझवून कडक करायला, सुमारे १२०० अंश उष्णता लागते, म्हणून ती न तापवता, आहे तोच कडकपणा सांभाळून नुसती घासून आकारात आणावीत. जस्ताचा मुलामा असलेले लोखंड मात्र भट्टीजवळही नेऊ नये, कारण त्याचा धूर विषारी असतो.

ग्राइंडरवर टेकवल्यावर कार्बन जास्त असलेल्या पोलादातून फुटणाऱ्या, फांद्या फुटलेल्या ठिणग्या उडतात, तर मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब आणि सरळ जातात. ही झाली प्राथमिक पाहणी. खरा निकाल हवा असेल तर त्याच कानशीचा बोटभर तुकडा कापून तापवावा, तेलात विझवावा, व्हाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या पकडीत) धरून वर जाड कापड टाकावे आणि डोळ्यांवर चष्मा चढवून हातोडीने तोडावा. तुटलेला पृष्ठभाग राखाडी, मऊसर आणि बारीक कणांचा दिसला तर उष्णता बरोबर होती असे समजावे. तो साखरेसारखा दाणेदार आणि चकाकता दिसला तर पोलाद फाजील तापले होते आणि असे पाते दगडावर पडताच तुटेल. तुकडा न तुटता नुसताच वाकला, तर एक तर तो तुकडा सुरीच्या कामाचा नाही किंवा तो पुरेसा तापलाच नव्हता. भंगारावर काम करणाऱ्याने ही परीक्षा कधीही टाळू नये, असे माझे ठाम मत आहे.

कानस आहे त्या अवस्थेत इतकी कडक असते की तिला भोक पडत नाही. म्हणून ती लाल तापवून कोरड्या राखेत पुरून रात्रभर निवू द्यायची. मऊ झाली की तिचे दात पूर्ण घासून काढावेत, कारण दातांच्या खाचेतूनच पुढे पात्याला तडा जातो. मग पात्याचा आकार, मुठीची भोके आणि धारेचा उतार, हे सगळे याच वेळी करून घ्यावे. फक्त धारेची कड जवळजवळ एक मिलिमीटर जाड राखावी, नाहीतर विझवताना ती वेडीवाकडी होते.

पाणी देताना नुसत्या रंगावर भरवसा ठेवू नये. उन्हात जेमतेम लाल वाटणारे पोलाद सावलीत चक्क केशरी असते. सुमारे ७७० अंशांना पोलादाला लोहचुंबक चिकटेनासे होते. त्या खुणेच्या किंचित वर नेऊन पाते कोमट खाद्यतेलात सरळ उभे बुडवावे आणि धारेच्या दिशेने पुढेमागे हलवावे. आडवे हलवले तर ते वाकते. तेलाचा भडका उडू शकतो, म्हणून डबा धातूचा असावा आणि त्याचे झाकण हाताशी असावे. बाहेर काढल्यावर त्यावरून चांगली कानस नुसती घसरली, तर पाते कडक झाले. या क्षणी ते ठिसूळ असते, म्हणून लगेच ओव्हनमध्ये २०० अंशांच्या आसपास दोन तास, आणि निवल्यावर पुन्हा दोन तास ठेवावे. घासून उजळलेल्या पात्यावर फिका सोनेरी रंग चढला की काम झाले. यानंतर ग्राइंडरवर पाते हाताला चटका देण्याइतके तापू देऊ नये. निळा डाग पडला तर तेवढा भाग मऊ झाला.

मुठीला मोडक्या खुर्चीचे शिसवी किंवा सागवानी लाकूड, पितळी सळईचे तुकडे आणि इपॉक्सी हा चिकट गोंद पुरतो. त्यावर जवसाचे तेल चोळावे, पण तेलाचा बोळा चुरगळून टाकू नये. तो आपोआप पेट घेऊ शकतो.

म्यानाकडे बरेच जण उरलेल्या वेळचे काम म्हणून पाहतात, हे मला पटत नाही. इथेही आधी परीक्षाच. जुन्या पट्ट्याची किंवा पिशवीची कड ताजी कापून पाहावी: आत कापडाचा थर किंवा दाबलेला भुगा दिसला तर ते चामडे नावापुरतेच. खऱ्या चामड्याचा छोटा तुकडा उकळत्या पाण्यात टाकला आणि तो आक्रसून गुंडाळला गेला, तर ते बहुधा झाडाच्या सालीने कमावलेले असते आणि म्यानाला तेच हवे, कारण ओले करून दिलेला आकार ते वाळल्यावर धरून ठेवते.

दोन थरांमध्ये धारेच्या बाजूला चामड्याची एक पट्टी घालावीच. ती नसेल तर सुरी टाक्यांचा दोरा पहिल्याच आठवड्यात कापते. टाक्यांच्या समान अंतराच्या खुणा जेवणाच्या काट्याने छान उमटतात. आरीने भोके पाडून, मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुया ओवून प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी टाका घालावा. एखादा टाका तुटला तरी शेजारचे उसवत नाहीत. मग म्यान कोमट पाण्यात भिजवून, सुरीला तेल लावून आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ती आत बसवावी, चामडे बोटांनी दाबत मुठीच्या उंचवट्यावर घट्ट बसवावे आणि सावलीत वाळू द्यावे. पूर्ण वाळल्यावर मधमाश्यांचे मेण चोळावे. सुरी मात्र म्यानात ठेवून कपाटात टाकू नये. चामडे ओल धरते आणि कार्बनचे पोलाद गंजते, म्हणून पाते तेलाचा हात फिरवून बाहेरच ठेवावे.