डबीत फक्त दिवा होता

पेट्रोल वाचवते म्हणून घेतलेली डबी मामानं माझ्या टेबलावर ठेवली आणि शेजारी स्वतःची वही उघडून ठेवली. "बघ गं. लिटरला सोळा पॉइंट दोन किलोमीटरवरून अठरा पॉइंट एक. एका टाकीत."

मामा बावीस वर्षं भाड्यानं गाडी चालवतोय. टाकी भरली की रनिंग किती झालं आणि किती लिटर बसलं, हे तो तिथंच उभ्या उभ्या लिहून ठेवतो. ती वही मी लहानपणापासून बघत आलेय. त्यात खोटा आकडा सापडणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून "मामा, तुला फसवलंय" असं मी म्हणाले नाही. "उघडू का?" एवढंच विचारलं. जोडीनं घेतल्या तर स्वस्त म्हणून त्यानं दोन डब्या घेतल्या होत्या, त्यामुळे तो लगेच हो म्हणाला.

गाड्यांचे ईसीयू दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. इंजिनात किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, हे ठरवणारा बोर्ड. ही डबी म्हणे त्याच ईसीयूशी बोलते आणि त्याला काटकसर शिकवते. स्टिअरिंगच्या खाली जो १६ पिनांचा ओबीडी सॉकेट असतो (गाडीतले दोष वाचायचं यंत्र जोडायची जागा), त्यात ती खोचायची. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की पहिले काहीशे किलोमीटर डबी तुमची चालवायची पद्धत शिकते, मग फरक दिसू लागतो.

स्टिकरखाली दोन स्क्रू होते. आत नखाएवढा बोर्ड: आठ पायांची एक चिप (वरचा नंबर घासून काढलेला), दोन रेझिस्टर, एक बटण आणि हिरवा एलईडी. मी मल्टिमीटर लावला. त्या सॉकेटात १६ नंबरच्या पिनवर बॅटरीचा प्लस येतो, ४ आणि ५ वर अर्थिंग, आणि आजच्या बहुतेक गाड्यांत ६ आणि १४ या दोन पिनांवरून ईसीयूशी बोलणं चालतं. त्याला कॅन म्हणतात. बोलायचं असेल तर या दोन तारा कुठंतरी जायला हव्यात आणि मधे त्यांची भाषा समजणारी वेगळी चिप लागते. इथं ६ आणि १४ च्या पिना प्लॅस्टिकमध्ये नुसत्या रोवलेल्या होत्या. बोर्डापर्यंत त्यांची रेघही नव्हती. सोळा आणि चार मात्र नीट सोल्डर केलेले. म्हणजे डबी बॅटरीतून करंट घेत होती आणि दिवा लुकलुकवत होती. दुसरं काही करायची सोयच तिच्यात नव्हती.

मामाला मी तो बोर्ड भिंगाखाली दाखवला. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं वहीवर बोट ठेवलं. "मग हे काय आहे?"

प्रश्न रास्त होता, आणि मला वाटतं इथंच आपण बहुतेक जण कमी पडतो. आपण माणसाला भोळा ठरवून मोकळे होतो. त्याच्या वहीतल्या आकड्याला उत्तर कुणी देत नाही.

आम्ही आधी वही बघितली. आधीच्या टाकीत ४८६ किलोमीटर आणि ३० लिटर, म्हणजे १६.२. समजा पुढच्या वेळी गाडी तेवढीच चालली, पण पंपाचं नोझल जरा लवकर आपोआप बंद झालं आणि दोन लिटर कमी बसलं. हिशोब येतो १७.४. इंजिनात काहीही न बदलता एक किलोमीटरहून जास्त वाढ. मागच्या वेळी गळ्यापर्यंत भरलेली असेल तर आणखी. पेट्रोल तापलं की फुगतं, एक अंशाला साधारण एक हजारांश. भरताना ते किती तापलेलं आहे, त्यावरही आकडा जरासा इकडेतिकडे होतो. शिवाय त्या टाकीत मामाची लांबची दोन भाडी होती, मोकळ्या रस्त्याची. एका टाकीचा आकडा म्हणूनच मी धरत नाही. निदान चार-पाच टाक्यांचं सगळं अंतर आणि सगळं इंधन बेरीज करून भागायचं. पंप तोच, बाजू तीच, नोझल पहिल्यांदा "टक" करून बंद झालं की थांबायचं, वरून ओतायचं नाही.

मग आम्ही ठरवलं. दुसऱ्या डबीतली चिप मी काढली, फक्त दिवा तसाच लुकलुकत राहील असं केलं. बाहेरून दोन्ही सारख्या. कुठली लावायची ते मी ठरवणार, मामाला सांगणार नाही. आठ टाक्या. चारांत मूळ डबी, चारांत रिकामी, क्रम मी चिठ्ठ्या टाकून घेतला. दोन महिने लागले.

मूळ डबीचे चार टाक्यांचे मिळून १७.४ आले. रिकाम्या डबीचे १७.५.

दोन्हीत काही फरक नाही. पण दोन्ही १६.२ पेक्षा वर होते, आणि मामाच्या जुन्या पानांतही सतरा क्वचितच दिसतात. वाढ खरीच होती. कशानं झाली ते मला त्याच्या शेजारी बसून एकदा फिरल्यावर कळलं. सिग्नल लांबून लाल दिसला की तो पाय उचलत होता. गिअर लवकर टाकत होता. डॅशबोर्डखालच्या हिरव्या दिव्याकडे मधूनमधून नजर जात होती. पैसे घालून घेतलेल्या वस्तूचा गुण यावा म्हणून तो जपून चालवत होता, आणि हे त्याला स्वतःला ठाऊक नव्हतं. "काहीशे किलोमीटर डबी शिकते" हे वाक्य म्हणूनच मला फार लागलं. त्या काहीशे किलोमीटरमध्ये शिकत असतो तो चालवणारा. कष्ट त्याचे आणि नाव डबीचं.

यानंतर मामानं विचारलं की ही डबी खोटी असेल, पण दुसरी एखादी खरी असणारच नाही का? कुणीतरी खरंच शोध लावला असेल तर?

त्यासाठी इंजिनात इंधनाचं होतं काय ते बघावं लागतं. पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं एकाला १४.७ भाग हवा लागते. सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर बसलेला असतो. धुरात ऑक्सिजन उरला की संपला हे तो सतत सांगतो आणि ईसीयू सेकंदाला कितीतरी वेळा मात्रा सुधारत राहतो. त्यामुळे चांगल्या स्थितीतल्या इंजिनात ९८ टक्क्यांहून जास्त पेट्रोल जळतंच. "इंधन पूर्ण जाळतो" असं म्हणणाऱ्या कुठल्याही वस्तूला जास्तीत जास्त त्या उरलेल्या एक-दोन टक्क्यांत हात घालता येईल. आणि डबीवर छापलेलं असतं तीस टक्के! (डिझेलचं मिश्रण वेगळ्या रीतीनं चालतं, पण तिथंही न जळता राहणारा भाग किरकोळच.)

मग बाकीचं जातं कुठं? उष्णतेत. जळालेल्या पेट्रोलच्या ऊर्जेपैकी ढोबळमानानं एक तृतीयांश इंजिनच्या फिरत्या दांड्यावर मिळते, चाकांपर्यंत त्याहूनही कमी पोचते. उरलेली सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून निघून जाते. ही गळती इंधनाच्या नळीला काहीतरी बांधून थांबत नाही. ती कमी करायची तर इंजिनच वेगळं बनवावं लागतं, आणि ते काम कारखान्यांत वर्षानुवर्षं चाललेलंच आहे.

बाजारातले बाकीचे उपाय घ्या. लोहचुंबक पेट्रोलच्या नळीला बांधायचे, पेट्रोलचे "गुच्छ सुटतात" म्हणे. पेट्रोल चुंबकाला दाद देत नाही आणि सुटायला तिथं गुच्छही नसतात. हवेच्या नळीत बसवायचे पंखे हवेला वळण देण्याआधी अडथळा देतात. पाण्यापासून वायू बनवून इंजिनात सोडणारे एचएचओ किट मात्र मला जरा थांबून समजावावं लागलं, कारण ते ऐकायला शास्त्रीय वाटतं. पाणी फोडायला वीज लागते. ती अल्टरनेटर देतो. अल्टरनेटरला इंजिन फिरवतं. इंजिन पेट्रोल खातं. १०० भाग पेट्रोलच्या ऊर्जेतून इंजिनच्या दांड्यावर मिळतात तीसएक, अल्टरनेटर त्यातले अठराएक विजेत बदलतो, पाणी फोडताना त्यातलेही बरेच उष्णतेत जातात. समजा अकरा उरले. तो वायू पुन्हा त्याच इंजिनात जळणार, म्हणजे त्याचा पुन्हा तिसरा हिस्सा. हातात साडेतीन. तेवढेच १०० भाग सरळ जाळले असते तर दांड्यावर तीस होते. मामानं हा हिशोब वहीच्या मागच्या पानावर स्वतः करून बघितला.

पेट्रोलमध्ये ओतायच्या औषधांच्या बाटल्यांबद्दल मी इतकं सरसकट बोलणार नाही. इंजेक्टर साफ करणारी काही औषधं खरंच साफ करतात. पॉलिइथर अमाइन हे त्यातलं चांगलं रसायन. पण इंजेक्टरवर घाण साठून ॲव्हरेज पडलं असेल तर ते पडलेलं परत मिळतं. स्वच्छ इंजिनात ओतून नवं काही मिळत नाही. जास्त ऑक्टेनचं पेट्रोलही असंच: ज्या इंजिनाला त्याची गरज नाही, त्याला त्यातून जादा ताकद मिळत नाही, ऑक्टेन म्हणजे अवेळी न पेटण्याचा गुण, ऊर्जेचं माप नव्हे. टाकीत ॲसिटोन ओतायचा सल्ला देणाऱ्यांना मात्र माझी हात जोडून विनंती आहे की तो देऊ नका. त्यानं रबरी सील आणि नळ्या फुगतात, मऊ पडतात. पेट्रोलची नळी गळणं ही आगीची गोष्ट आहे.

हा धंदा जुना आहे. १९१६ मध्ये अमेरिकेत लुई एनरिक्ट नावाच्या माणसानं पाण्यात हिरवट द्रव मिसळून बातमीदारांसमोर गाडी चालवून दाखवली होती. पुढे तो दुसऱ्या एका फसवणुकीत दोषी ठरला. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं १९७० च्या दशकापासून इंधन वाचवणारी म्हणवली जाणारी शंभराहून जास्त साधनं तपासली. थोड्यांनीच काहीशी बचत दाखवली, तीही किरकोळ, आणि त्यातल्या काहींनी धूर वाढवला.

"कंपन्याच असा शोध दाबून ठेवतात" हे वाक्य मामाच्या स्टँडवर रोज ऐकू येतं. मी त्याला युरोपचा नियम सांगितला. तिथं नव्या गाड्यांचा किलोमीटरमागचा सरासरी कार्बन डायऑक्साइड ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला, तर प्रत्येक जादा ग्रॅममागे, विकलेल्या प्रत्येक गाडीमागे ९५ युरो दंड कंपनीला बसतो. लाखो गाड्या विकणाऱ्याला एकेक ग्रॅम केवढ्याला पडतो बघा. एका डबीनं दहा टक्के वाचत असते, तर ती कारखान्यातूनच लागून आली असती.

वाचतं कशानं, हे मामाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. टायरची हवा थंड असताना तपासायची. सरासरी एक पीएसआय कमी झाली की ०.२ टक्के जातात, आणि मामाच्या मागच्या दोन चाकांत सहा-सहा पीएसआय कमी होती. टपावरचं रिकामं कॅरियर उतरवायचं. हवेचा रोध वेगाच्या वर्गानं वाढतो, तेव्हा मोकळ्या रस्त्यावर शंभरऐवजी ऐंशी. ब्रेक चिकटत नाहीत ना, ते चाक हातानं फिरवून बघायचं.

शेवटी आम्ही डबी काढून टाकली आणि आणखी चार टाक्या मोजल्या. पाय तसाच हलका ठेवायचा, एवढीच अट. १७.३ आले.

मला वाटलं मामा खूश होईल. तो म्हणाला, "मी चौघांना घ्यायला लावलीय गं ही." त्यातल्या एकानं दोन दिवसांची कमाई त्यात घातली होती, ती केवळ मामाच्या वहीवर विश्वास ठेवून. दुसऱ्या दिवशी तो वही आणि उघडलेली डबी घेऊन स्टँडवर गेला आणि चौघांनाही एकेकट्याला बाजूला घेऊन त्यानं ६ आणि १४ नंबरच्या पिना दाखवल्या. तिघांनी डबी काढली. चौथ्यानं नाही काढली. त्याला अजून ॲव्हरेज चांगलं मिळतंय, आणि मामा आता त्याची वही लिहितोय.