आमची वाटचाल: आधी ओळख, मग फवारणी

घरच्या बागेतली कीड नुसती ओळखून द्यायचे कुणी पैसे देईल, हे आम्ही सुरुवात केली तेव्हा आमच्या घरच्यांनाही पटत नव्हतं. फवारा मारणारे पुष्कळ होते. पान उलटून बघणारं कुणी नव्हतं.

भांडवल म्हणाल तर दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग, चित्रकलेचा बारीक ब्रश, झाकणाच्या बाटल्या आणि पुठ्ठ्याला लावलेला पांढरा कागद. भिंग आजही तेच आहे. नवीन मुलं कामाला येतात ती भिंग पानाजवळ धरतात आणि स्वतः हातभर लांबून बघतात. भिंग डोळ्यापाशी धरायचं आणि पान भिंगाजवळ आणायचं, एवढं अंगवळणी पडायलाच वेळ जातो. कागदावर फांदी झटकली की धुळीसारखे ठिपके पडतात. ठिपका हळूहळू चालू लागला आणि बोट फिरवल्यावर तांबूस रेघ उठली, तर लाल कोळी. त्याला आठ पाय, म्हणजे तो कीटकच नव्हे. कीटकांसाठीची पुष्कळ औषधं त्याच्यावर चालत नाहीत ती त्यामुळेच. लांबुडका, पिवळट आणि चपळ निघाला तर फुलकिडा.

पुढची काही वर्षं मावा, पांढरी माशी आणि नागअळी यांच्यावर बरी चालली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

मग जास्वंदींवर पिठ्या ढेकूण आला आणि त्याच सुमारास आमच्या गिऱ्हाइकांच्या दारात एक फवारणीवाला आला. दर पंधरवड्याला सगळ्या बागेवर सरसकट औषध, कीड कोणती का असेना. आम्ही त्या बागांमध्ये क्रिप्टोलिमस सोडलेला होता. हा मूळचा ऑस्ट्रेलियातला, पिठ्या ढेकूण खाणारा ढालकिडा, 1891 साली कॅलिफोर्नियात नेला तो याच ढेकणासाठी. एवढी जुनी, नावाजलेली गोष्ट. आम्ही केली तर लबाडी ठरली! कारण त्याची अळी असते पांढरी, अंगावर मेणाच्या झिपऱ्या, लांबून हुबेहूब पिठ्या ढेकूण. या गृहस्थांनी ती गिऱ्हाइकांना दाखवली आणि सांगितलं, बघा, हे लोक स्वतःच कीड आणून सोडतात, म्हणजे यांचं काम संपत नाही.

महिन्याभरात फोन वाजायचा थांबला. कामावरची मुलं कमी करावी लागली. ज्यांच्याकडे आम्ही रात्री बॅटरी घेऊन गोगलगायी वेचल्या होत्या, त्यांनीही एका शब्दाने विचारलं नाही.

राहिल्या त्या एक बाई. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी काय केलं, तर ढेकूण लागलेली जास्वंदीची फांदी काचेच्या बरणीत घातली, त्यात त्या ‘संशयित’ अळ्या सोडल्या आणि तोंडाला फडकं बांधलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन. “अहो, तुमचा ढेकूण आमच्या ढेकणाला खातोय!” मी गेलो. अळी ढेकणाच्या कापसासारख्या अंडीपुंजक्यात डोकं खुपसून बसली होती. ब्रशने उताणी केली तर पाय झाडत सुटली. ढेकूण असा पळत नाही, आणि पूर्ण वाढलेली अळी त्याच्या दुप्पट-तिप्पट लांब असते. बाईंनी ती बरणी आल्यागेल्याला दाखवली. आमची जाहिरात म्हणून जे काही झालं ते एवढंच.

तिकडे फवारलेल्या बागांमध्ये गुलाबाची पानं फिकट ठिपक्यांनी भरून तांबूस पडली, खालून बारीक जाळी. कोळ्याला खाणारे किडे औषधाने मेले, कोळी उरला आणि फोफावला. काही जण परत आले. काहींनी अजून फोन केलेला नाही. त्यांचे गुलाब आम्हाला कुंपणावरून दिसतात.

कुणी विचारलेलं नाही, तरी सांगतो. खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर आधी ती तोडा. मावा, खवले कीड, ढेकूण यांचा चिकट गोड स्राव मुंग्यांना हवा असतो, म्हणून त्या मित्रकिडींना जवळ फिरकू देत नाहीत. खोडावर कागदी पट्टी गुंडाळून तिच्यावर चिकट लेप लावा, आणि भिंतीला टेकलेली फांदीही छाटा, नाहीतर मुंग्या तिकडून चढतात. पानावरची काळी बुरशी त्याच स्रावावर वाढते. तिच्यासाठी बुरशीनाशक घेऊ नका. आणि लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर काडीच्या टोकाने हळूच डिवचा. ती फुलपाखराची लहान अळी असेल तर डोक्यामागून शिंगं बाहेर काढील. दोन-चार असतील तर हाताने उचला, औषध कशाला?

अलीकडे त्याच फवारणीवाल्याचं नवं पत्रक हाती आलं. ‘मित्रकीटक सोडून मिळतील.’ वर ठिपकेवाल्या भुंग्याचं मोठं रंगीत चित्र. भिंगाखाली धरलं. अंग निस्तेज, त्यावर बारीक लव, पाठीवर 28 ठिपके. वांग्याच्या पानांची चाळण करणारा एपिलॅक्ना! आम्ही त्यांना अजून कळवलेलं नाही.