रस्स्यातून अळणी काढताना

रविवारी दहा जणांचं मटण शिजलं आणि जेवायला बसलो तिघं. त्यात आईची कवळी दुरुस्तीला गेलेली, म्हणजे खरं तर दोघंच.

दिल्लीहून आतेभाऊ ऑफिसातल्या मंडळींना घेऊन किल्ला बघायला येणार होता. सकाळी अकराला त्याचा फोन आला, "आग्र्यापर्यंत कसेबसे आलोय, पुढे गाडीचं बोनेटसुद्धा दिसत नाही. परत फिरतो." जानेवारीतला कोहरा. (आम्ही ग्वाल्हेरची माणसं मराठी बोलतानाही कोहराच म्हणतो, 'धुकं' फक्त पुण्याचे पाहुणे आले की तोंडात येतं.) चार दिवस सूर्य दिसला नव्हता. फिरा बाबा परत, म्हटलं. पण तोवर बायकोने तीन किलोचा रस्सा उतरवला होता, वर तवंग, आत चापा, नळ्या, सीना, सगळं साग्रसंगीत.

सोमवारी पहाटे ती ट्रेनिंगसाठी इंदूरला निघाली. जाताना दारातून सांगून गेली, "अहो, दोन डबे भरून फ्रिजमध्ये ठेवलेत. बुधवारपर्यंत संपवा, नाहीतर कुणाला तरी द्या." द्यायचं कुणाला? आमच्या एका अंगाला जैन, दुसऱ्या अंगाला वैष्णव. दोन्ही घरांतून तिळाची गजक येते, आमच्याकडून मटणाचा डबा जाऊ शकत नाही.

आईचं म्हणणं वेगळंच. एवढ्या थंडीत फ्रिज कशाला, जाळीच्या कपाटात ठेव, बाहेरच फ्रिज आहे. ऐकायला पटतं. रात्री पारा 5 अंशांपर्यंत उतरतो खरा, पण दुपारी कोहऱ्यातही तो 13-14 वर असतो, आणि शिजलेल्या मांसात जंतू वाढायला तेवढी ऊब पुरते. फ्रिजमध्ये 4 अंश असतात आणि तिथे बोका शिरत नाही. रस्सा उतरवल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला होता, म्हणून तीन दिवस तरी निर्धास्त होतो.

प्रश्न आईचा होता. दाताच्या डॉक्टरांनी मंगळवारी कवळी देतो म्हणून सांगितलेलं, मग गुरुवारवर गेलं. दोन दिवस ती रस्सा-भात कुस्करून खात होती आणि तिखटाने हिरड्या चुरचुरतात म्हणत होती. म्हटलं, सूप करू. मटण शिजलेलंच आहे, त्यात काय मोठं!

सोमवारी संध्याकाळी एका डब्यातलं मटण रस्स्यासकट कुकरमध्ये ओतलं, वर तीन तांबे पाणी, सहा शिट्ट्या. झाकण उघडलं तर आत लालसर गढूळ पाणी, त्यात वाटणातल्या खोबऱ्याचा भुगा फिरतोय, मांस सुतळीसारखं सुटून तरंगतंय. चवीला आधी तिखट, मग तेलकट, आणि सगळ्यात शेवटी जिभेच्या मुळाशी कडवट. लवंग, दगडफूल, मोठी वेलची एकदा परतून शिजलेली असते. तीच पुन्हा अर्धा तास उकळली की स्वाद उडून जातो आणि मागे फक्त कडूपणा राहतो, हे मला तेव्हा कळलं. शिवाय दर शिट्टीला आत जी खळबळ होते त्यात चरबी पाण्यात घुसळली जाते. वर तवंग आला तर निदान पळीने काढता येतो. हे तर ताक झालं होतं.

आईने एक घोट घेतला, वाटी खाली ठेवली. "हे सूप नव्हे. रस्स्याला पाणी पाजलंयस." मग जरा थांबून, "अळणी आधी काढायचं असतं रे. मागाहून कुठून येणार?"

बरोबर बोलत होती. आमच्या घरांत मटणाला हळद, मीठ, आलं-लसूण लावून ते परततात, झाकणात पाणी ठेवून शिजवतात, आणि मसाला पडायच्या आत वरचं पातळ पाणी वाट्यांत काढून घेतात. तेच अळणी. मीठ असतं त्यात, तरी नाव अळणी. लहान पोरं, बाळंतीण, म्हातारी माणसं, आजारातून उठलेले, सगळ्यांची पहिली वाटी त्याची. उरतं त्याचा रस्सा. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं मूळ गाव साताऱ्याकडचं कण्हेरखेड. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी इथे पडली आणि तिचाच शहराचा लष्कर हा भाग झाला. त्या छावणीबरोबर आलेल्या घरांनी दोनशे वर्षं ही पद्धत सोडली नाही. रविवारी पाहुण्यांच्या घाईत ती सुटली. आता रस्स्यातून उलटं अळणीकडे जायचं होतं, दह्यातून दूध काढावं तसं.

सोमवारचा कुकर वाया घालवला नाही. त्यात बाजरीचं पीठ लावून दाट केलं आणि भाकरीबरोबर मीच खाल्लं. पिठलं म्हणून वाईट नव्हतं.

मंगळवारी दुसऱ्या डब्याला हात लावला, पण आधी शांतपणे विचार केला. मला हवं होतं मांस आणि हाडं. रस्सा नको होता. आदल्या दिवशी मी त्यालाच माल समजत होतो.

डबा उघडल्यावर वर केशरी चरबीचा जाड थर. तो चमच्याने उचलला. खालचा रस्सा थंडीने थिजलेला. त्याच्यातले तुकडे हाताने वेचले, मोठ्या चाळणीत घेतले, वरून कढत पाणी ओतलं. लाल पाणी निथळलं, वाटण गेलं, आणि आत स्वच्छ तपकिरी मांस दिसायला लागलं. ते हाडावरून सोडवून घेतलं, बारीक चिरलं, झाकून परत फ्रिजमध्ये. निघालेला रस्सा एका वाटीत धरला, टाकला नाही. एक गोष्ट सांगून ठेवतो: हाडं डब्यातलीच, ताटात चोखलेली नव्हेत. आमच्या एका नातेवाइकाने मला अगदी मनापासून विचारलं, म्हणून लिहिलं.

पण ही हाडं एकदा शिजून गेलेली. सांध्यांत, पडद्यांत, हाडांच्या टोकांना कोलॅजन असतं, ते गरम पाण्यात सावकाश विरघळून त्याचं जिलेटिन होतं, आणि सुपाला ओठांना चिकटणारं अंग येतं ते त्याच्यामुळे. माझ्या हाडांनी त्यातलं बरंचसं रविवारीच रस्स्याला देऊन टाकलं होतं. म्हणून कोपऱ्यावरच्या खाटकाकडे गेलो. तो घोंगडं पांघरून बसलेला. "सिर्फ दो पाये? भाईसाब, चार का सेट आता है।" आईच्या कवळीची गोष्ट सांगितल्यावर त्याने दोन दिले, भाजून, खरवडून, मधोमध फोडून. येताना छत्री मंडीतून लाल गाजरं, मटार आणि दोन शलजम (सलगम) घेतले. थंडीतलं इथलं लाल गाजर गोड असतं, ते सुपात आपण होऊन साखरेचं काम करतं. वर्षभर मिळणारं केशरी गाजर नुसता रंग देतं.

पाये पाच मिनिटं उकळून ते पाणी फेकलं. त्यात राखेचा वास आणि काळा फेस असतो. जुनी हाडं कोरड्या कढईत दहा-बारा मिनिटं भाजली, कडा करपू न देता. मग मोठ्या पातेल्यात दोन्ही, वर तीन लिटर गार पाणी. अर्धा कांदा गॅसवर काळा करून, आल्याचा तुकडा, सात पाकळ्या लसूण, दहा मिरे, एक तेजपत्ता. मीठ नाही. पाणी आटत जाणार आणि मांसातही मीठ आहेच, तेव्हा मिठाचा हिशेब शेवटी.

आणि पातेलं गॅसवर न ठेवता अंगणातल्या सिगडीवर चढवलं. आईला शेकायला ती पेटवलेलीच होती. यात काही जुन्याचं कौतुक नाही, फुकटचा विस्तव होता इतकंच. (सिगडी अंगणातच. खोली बंद करून कोळसे आत ठेवून झोपू नये. कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो आणि दर हिवाळ्यात त्याने माणसं जातात.)

आता खरं काम, म्हणजे काही न करणं. पहिली वीस मिनिटं राखाडी फेस वर येत राहिला, तो पळीने काढत राहिलो. नंतर पाणी निवळलं. निखाऱ्यांवर राख ओढली की पातेल्याच्या एका कडेने बुडबुडा यायचा, फुटायचा, मग चार सेकंद काही नाही, मग दुसरा. तेवढीच आच हवी. खदखदलं तर कालचंच होणार. मी मधेमधे झाकण उचलायचो आणि आई रजईतून ओरडायची, "बघून शिजत नाही ते!" पहिल्या तासाला नुसता गरम पाण्याचा वास. दुसऱ्या तासाला कांद्याचा. तिसऱ्या तासाला, कोहरा इतका खाली उतरला होता की गल्लीतला दिवा पिवळ्या बोळ्यासारखा दिसत होता, तेव्हा पहिल्यांदा अळण्याचा वास आला. आई एवढंच म्हणाली, "हां, आता."

चार तासांनी तीन लिटरचं दोनच्या आत आलं. जुन्या मलमलीतून गाळलं. कढत पातेलं रात्रभर तसंच ठेवायचं नसतं, आत तासन् तास कोमट राहतं आणि नेमकं तेच घातक. परातीत टाकीचं पाणी घेऊन त्यात पातेलं बसवलं. जानेवारीत आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी हाताला चावतं, दोनदा बदललं तेवढ्यात काम झालं. मग फ्रिज.

बुधवारी सकाळी झाकण काढलं. वर पांढऱ्या चरबीची पातळ चकती, ती अख्खी उचलली गेली. खाली फिकट सोनेरी, खरवसासारखं थरथरणारं. पातेलं तिरकं केलं तरी ओघळेना. मी ते उचलून आईच्या पलंगापाशी नेलं आणि हलवून दाखवलं. चाळिशी उलटलेला माणूस पातेलं हलवून आईला दाखवतोय, बायको असती तर फोटो काढला असता.

पुढचं भराभर झालं. सालं काढलेले जव मूठभर रात्रीच भिजवले होते, ते आणि शलजमाच्या फोडी आधी, अर्ध्या तासाने गाजर आणि मटार, ते मऊ झाल्यावर शेवटची दहा मिनिटं चिरलेलं मांस. ते आधी घातलं तर पुन्हा सुतळी. मात्र एकदा सगळं खळखळून उकळू दिलं, तीन दिवसांचं मांस नुसतं कोमट करून खाऊ नये. मग मीठ, ताजे कुटलेले मिरे, कोथिंबीर, लिंबाचे चार थेंब. जवामुळे इतकं दाट झालं की चमचा जरा वेळ उभा राहिला.

चव घेतली. चांगलं होतं. पण खरं सांगायचं तर जरा दवाखान्यातलं वाटत होतं. इतका निर्मळ पदार्थ आमच्या घराला मानवत नाही. तेवढ्यात वाटीतला रस्सा आठवला. तो छोट्या कढईत कडकडीत तापवला आणि माझ्या वाडग्यात वरून एक चमचा सोडला. लाल ठिपके पसरले, रविवारचा वास आला, आणि खालचं अळणी तसंच राहिलं. मोहाने दुसरा चमचा घातला तर सोमवार परत आला. एकच चमचा.

आईने तिचा वाडगा रस्स्याशिवाय घेतला. शलजम बोटाने दाबून बघितला, मऊ आहे अशी खात्री केली, आणि न बोलता संपवला. मग वाडगा पुढे करून म्हणाली, "मीठ कणभर कमी आहे. आणि थोडं वाढ."

रात्री बायकोचा फोन. ट्रेनिंग, जेवण, इंदूरची थंडी आपल्यासारखी नाही, वगैरे सगळं झालं. मी दोन दिवसांची हकीकत सांगितली, खरवस, चकती, सगळं. तिने ऐकून घेतलं.

"ते ठीक आहे," ती म्हणाली. "पण शुक्रवारी आल्यावर मला भाकरीबरोबर रस्सा ठेवलाय ना?"

मी फ्रिज उघडून वाटीत पाहिलं. तळाला तीन चमचे असतील.