पाव सेकंदाचं नेटवर्क आणि ७ दिवसांची हरकत

गायत्री नगरच्या आयटी पार्कात आमचं ऑफिस. पेमेंटसाठी कुठलं लेअर-टू (इथेरियम या ब्लॉकचेनवर उभं राहून तिचा भार हलका करणारं नेटवर्क) घ्यायचं, हे ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. वेगाचा तक्ता लगेच झाला: आर्बिट्रम वन साधारण पाव सेकंदाला ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) बनवतं, ओपी मेननेट आणि बेस २ सेकंदांनी, खुद्द इथेरियम १२ सेकंदांनी. इथेरियमच्या मार्च २०२४ च्या डेन्कुन अपग्रेडनंतर फीही किरकोळ झालेली. म्हटलं, स्वतःचे थोडे ईथर (इथेरियमचं चलन) टाकून बघू. आणि परत आणू, तेही नेटवर्कच्या मूळ ब्रिजनेच, म्हणजे इथेरियमशी ने-आण करणाऱ्या त्याच्या स्वतःच्या पुलाने.

टाकले, पोचले. परत आणायला गेलो तर स्क्रीनवर उत्तर आलं: ७ दिवस.

बाजूच्या टेबलावरून आवाज आला, "बाप्पा, हेच का बे तुझं सुपरफास्ट?"

नेटवर्कचं नाव सांगत नाही, कारण ऑप्टिमिस्टिक रोलअप या प्रकारच्या लेअर-टूंची (आर्बिट्रम, ओपी मेननेट, बेस त्यातलेच) तऱ्हा इथून तिथून हीच. व्यवहार खरा धरून पुढे जायचं. कुणाला खोट दिसली तर त्याने मुदतीत हरकत घ्यायची. काटोलकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेचा फेरफार धरला तेव्हा हरकतीचे १५ दिवस होते, अगदी तसंच. बाबांनी ते दिवस निमूट काढले. मी मात्र उठता-बसता ते पान उघडून बघायचो आणि चिडायचो.

चिडूनच खोदायला लागलो. हरकत घेणार तरी कोण? ओपी मेननेटवर फॉल्ट प्रूफ (खोट दाखवून हरकत घ्यायची सोय) आले जून २०२४ मध्ये. लोक त्याआधीही ७ दिवस थांबतच होते, पण हरकत नोंदवायची सोयच चालू नव्हती! आर्बिट्रमवर सोय होती, पण ठरावीक यादीतल्या व्हॅलिडेटरनाच (तपासनिसांनाच). फेब्रुवारी २०२५ मध्ये बोल्ड ही हरकतीची नवी पद्धत आल्यावर ती सगळ्यांना खुली झाली.

आणि तो पाव सेकंद? तो सिक्वेन्सरचा, म्हणजे आलेले व्यवहार रांगेत लावणाऱ्या यंत्रणेचा, शब्द. बहुतेक ठिकाणी सिक्वेन्सर एकच, कुणातरी एकाच्या ताब्यातला. 'घेतला तुमचा व्यवहार' एवढं तो झटकन सांगतो. इथेरियमवर पक्कं व्हायचं ते मागाहून होतं. कुणाला विचारायचंच नाही, मग उशीर कशाला लागेल? पण १५ डिसेंबर २०२३ ला गर्दीने आर्बिट्रमचा सिक्वेन्सर अडला तेव्हा तासाभराहून जास्त वेळ काम ठप्प होतं.

सिक्वेन्सर दाद देत नसेल तर इथेरियमवरून जबरदस्तीने व्यवहार घुसवता येतो. आर्बिट्रमवर त्याला २४ तासांपर्यंत लागू शकतात, ओपी स्टॅकवर (ओपी मेननेट ज्यावर चालतं ते सॉफ्टवेअर) १२. माझ्या तक्त्यात हा रकाना वेगाच्या आधी आहे. साहेबांनी तो वाचला की नाही देव जाणे, पण मी हटवणार नाही.

झेडके रोलअप या दुसऱ्या प्रकारच्या लेअर-टूला हरकतीची मुदत लागत नाही, गणिती पुरावा इथेरियमवर तपासला गेला की पैसे सुटतात. पण जून २०२४ मध्ये एका हॅकनंतर लिनिया या झेडके रोलअपच्या टीमने ब्लॉक बनवणंच थांबवलं होतं, म्हणजे बटण तिथेही एकाच हाताखाली.

घाई असेल तर बाहेरचे ब्रिज आहेत. फी कापून कुणीतरी आपल्याला आगाऊ रक्कम देतो आणि ते ७ दिवस आपल्या जागी तो थांबतो. मोठ्या रकमेला मी तरी ते करणार नाही.

हां, ओपी स्टॅकवाल्यांनो, पैसे काढायला टाकले म्हणून मुदत सुरू होत नाही. थोड्या वेळाने 'प्रूव्ह' करायचं (पैसे काढल्याचा पुरावा द्यायचा), ७ दिवस तिथून मोजायचे, मग 'फायनलाइज' (रक्कम सोडवून घेणं). दोन्ही वेळा गॅस (व्यवहाराची फी) इथेरियम मेननेटवरच लागतो, तेव्हा तिथे थोडे ईथर आधीच ठेवा.