रीसेटच्या आधीची मोजणी

जुलैत दादर पश्चिमेच्या आमच्या रिपेअरिंगच्या काउंटरवर येणारे बरेचसे फोन भिजलेलेच असतात. हाही तसाच होता. पडदा दिसत होता, पण टच पूर्ण मेलेला. मागणी मात्र दुरुस्तीची नव्हती. "डेटा सगळा काढून घेतलाय. टच नाही म्हणून रीसेट होत नाही, तेवढं करून द्या. बँकेची ॲपं आहेत, असाच भंगारात कसा देणार?" गाणं शिकवणाऱ्या बाई बोलत होत्या. सोबत त्यांचा भाचा होता आणि ज्यावर डेटा काढला होता तो त्याचा लॅपटॉप.

आजकालच्या अँड्रॉइड फोनमधलं स्टोरेज एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक रूपात कुलूपबंद असतं. रीसेट केला की त्याची किल्लीच पुसली जाते. मग लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कुठेही नेला तरी त्यातून काही निघत नाही. म्हणून रीसेटच्या आधी कॉपी समोर उघडून बघायची, हा आमच्याकडचा नियम आहे.

एकूण डेटा ९६ जीबी. क्लाउड नको हे बाईंनी आधीच ठरवलं होतं, आणि कारण पटण्यासारखं होतं: रेकॉर्डिंगमध्ये लहान विद्यार्थ्यांचे आवाज होते, पालकांना न विचारता ते कुठेही चढवायचे नव्हते. तसंही गूगलच्या खात्यात फुकट जागा १५ जीबी, तीही मेल आणि फोटोंसकट. घरच्या २० एमबीपीएस अपलोडवर ९६ जीबी चढवायला साडेदहा तासांहून जास्त लागतात. केबलने तेच काम तासा-दीड तासाचं.

सगळ्यात मोलाचा होता तो रेकॉर्डिंगचा फोल्डर. फोन त्याचा आकार १९ जीबी सांगत होता, लॅपटॉप १६.२. भाचा म्हणाला, "विंडोज कमीच दाखवतं." ते खरंच आहे. फोन हजाराच्या पटीत मोजत होता आणि विंडोज १०२४ च्या, त्यामुळे जीबीत साधारण सात टक्क्यांचा फरक पडतो. पण त्या हिशेबाने १९ चे १७.७ व्हायला हवेत. दीड जीबी कुठे गेलं? गंमत म्हणजे फाइलींची संख्या दोन्हीकडे तंतोतंत जुळत होती.

लॅपटॉपवरच्या फाइली आकाराप्रमाणे लावल्या तेव्हा उलगडा झाला. ४३ मिनिटांची तालीम फोनमध्ये ४१ एमबीची होती, इथे २९ एमबीची. नाव तेच, पण प्लेयरमध्ये उघडतच नव्हती. काही फाइली तर शून्य बाइटच्या होत्या. घरी कॉपी चालू असताना केबल हलली होती आणि फाइली अर्धवट पडल्या होत्या. दुसऱ्यांदा कॉपी करताना विंडोजने विचारलं, याच नावाच्या फाइली आधीच आहेत, काय करू? भाच्याने 'स्किप' दाबलं. अर्धवट फाइली तशाच राहिल्या आणि संख्या पूर्ण भरली.

यातली २९ एमबीची फाइल जास्त फसवी. फोनचा रेकॉर्डर बनवतो त्या एम४ए प्रकारच्या फाइलमध्ये कुठला आवाज कुठे आहे याची सूची असते, आणि रेकॉर्डर ती बहुधा अगदी शेवटी लिहितो. शेपूट तुटलं की आधीचा आवाज जागेवर असूनही प्लेयरला काही सापडत नाही. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटची फाइल ओपस प्रकारची, तिचं असं नसतं, ती तुटली तरी तुटल्या जागेपर्यंत वाजते. म्हणून दोन-चार व्हॉइस नोट वाजवून 'सगळं आलंय' असं ठरवू नये.

आता मूळ फाइली पुन्हा काढायच्या. टच नसलेला फोन चालवायला ओटीजी अडॅप्टरमधून (फोनच्या पोर्टला यूएसबीची वस्तू जोडणारा तुकडा) साधा यूएसबी माउस आम्ही आकार बघतानाच लावला होता. पडद्यावर बाण आला होता, पिन टाकता आला होता. पण फोनला पोर्ट एकच. त्यात माउस असेल तर डेटाची केबल लावायची कुठे? यावर उपाय असा: वायरच्या माउसने सेटिंग्जमध्ये जाऊन ब्लूटूथ माउस जोडायचा, मग वायरवाला काढायचा. पोर्ट मोकळा होतो. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ओटीजी आधी सेटिंग्जमधून चालू करावं लागतं. तिथे टच मेलेला असला की हा मार्ग बंद. सुदैवाने हा फोन तसा नव्हता.

पोर्टच्या पिनांवर हिरवट गंज होता. तो फोन बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करायचा असतो. ते आम्ही सगळ्यात आधी, वाळवण्यासकट उरकलं होतं; डेटा निघेपर्यंत पुन्हा फोन बंद करायचा नव्हता. भाच्याने आणलेल्या केबलीपैकी एक नुसती चार्जिंगची निघाली. तिच्यात डेटाच्या तारा नसतातच, त्यामुळे फोन चार्ज होतो पण लॅपटॉपला दिसत नाही. लॅपटॉपच्या यूएसबी २.० पोर्टमधून ५०० मिलिॲम्पियरच मिळतात आणि पडदा चालू असला की तेवढे पुरत नाहीत, म्हणून ब्राइटनेस तळाला नेला आणि मोबाइल डेटा बंद केला.

या वेळी विंडोजमध्ये फाइली ओढत बसलो नाही. एमटीपीने, म्हणजे केबलवरून फाइली देण्याच्या फोनच्या नेहमीच्या पद्धतीने, हजारो लहान फाइली कॉपी करताना विंडोजचा एक्सप्लोरर अडकतो, शिवाय फाइलीच्या तारखा बदलू शकतात. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटच्या नावातच तारीख असते, पण बाईंच्या फाइलींची नावं 'रेकॉर्डिंग १२' अशी. त्यांची तारीख गेली की कुठला राग कुठल्या वर्षी शिकवला हेही गेलं. म्हणून 'अबाउट फोन'मधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा क्लिक करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडले, यूएसबी डिबगिंग चालू केलं, फोनवर आलेली परवानगी माउसनेच दिली आणि एडीबी या लॅपटॉपवरून फोनला आज्ञा देण्याच्या साधनाच्या 'पुल' आज्ञेला '-ए' जोडून फोल्डर नव्या, रिकाम्या जागी उतरवला. त्या '-ए'मुळे मूळ तारखा टिकतात. रिकामी जागा घेतली, म्हणजे जुन्या अर्धवट फाइलींशी सरमिसळ नको.

आधी रेकॉर्डिंग, मग फोटो, बाकीचं शेवटी. फोन मध्येच गेला तर काय हातात राहिलं पाहिजे, यावर क्रम ठरतो.

पडताळणीला वेळ लागतो, पण ती टाळायची नाही. फोनवर एडीबी शेलमधून प्रत्येक रेकॉर्डिंगचा एसएचए-२५६ काढला (फाइलीच्या मजकुरावरून निघणारा ठसा; फाइल जराशी बदलली तरी तो बदलतो), लॅपटॉपवर तोच विंडोजच्या पॉवरशेलने काढला आणि दोन याद्या शेजारी ठेवून ताडल्या. सगळ्या जुळल्या. तालमीची ती फाइल बाईंनी स्वतः शेवटपर्यंत सरकवून ऐकली. "हो, इथे तिहाई आहे," म्हणाल्या; म्हणजे तीनदा म्हणून संपवायचा तुकडाही आला होता.

व्हॉट्सॲपला फार वेळ गेला नाही. नवाही फोन अँड्रॉइडच, त्यामुळे 'ट्रान्सफर चॅट्स'मध्ये जाऊन जुन्या फोनने नव्यावरचा क्यूआर स्कॅन केला. चॅट थेट फोनातून फोनात जातात, फक्त दोन्हीकडे वाय-फाय आणि लोकेशन चालू हवं. सिम तोवर जुन्यातच ठेवलं आणि ओटीपी तिथेच वाचला, कारण सिम काढल्यावर काही फोन रीस्टार्ट मागतात.

बैठकीचा ६ जीबीचा एक व्हिडिओ बाईंच्या पेन ड्राइव्हवर जाईना. जागा भरपूर होती, पण ड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला, आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. आतल्या फाइली बाजूला काढून तो मोठ्या फाइली चालणाऱ्या एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला.

रीसेट त्या दिवशी केला नाही. सिम नव्या फोनमध्ये घालून यूपीआयचं तेच ॲप तिथे नोंदवलं की जुन्यावरचं आपोआप बंद पडतं, आणि बँकेचं ॲप जुन्यातून माउसने काढून टाकलं. यूएसबी डिबगिंगही बंद केलं. एक कॉपी लॅपटॉपवर, दुसरी एसएसडीवर, म्हणजे बाहेरून जोडायच्या डिस्कवर. ती एसएसडी भाच्याकडे डोंबिवलीला राहील, बाईंच्या घरी नाही, असं ठरलं. नव्या फोनमध्ये सगळं नीट वाजतंय याची महिनाभर खात्री झाली की जुना फोन घेऊन या, सेटिंग्जमधून गूगल खातं काढून रीसेट करू, असं सांगून फोन परत दिला.