संपू दे, पण तोडू नका

१२ मे २०१८

अमेरिकेतल्या सायफाय वाहिनीने 'द एक्स्पान्स' ही, माणसं मंगळावर आणि लघुग्रहांवर राहायला गेल्यानंतरच्या काळातली विज्ञानकथा-मालिका पुढे न चालवण्याचा निर्णय काल जाहीर केला. तिसऱ्या सीझनचे तेरापैकी पाच भाग अमेरिकेत दाखवून झालेत. उरलेले दाखवतील आणि मालिका गुंडाळतील. निर्मिती करणारी अल्कॉन कंपनी दुसरीकडे कुठे सोय होते का बघते आहे, एवढीच काय ती आशा.

बातमी वाचल्यापासून कशात लक्ष नाही. एक मालिका बंद पडल्याचं इतकं काय मनाला लावून घ्यायचं, असं कुणी विचारलं तर मी लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या सेरेसवरचा तो प्रसंग सांगेन. मिलर नावाचा थकलेला पोलीस पेल्यात दारू ओततो. धार सरळ खाली पडत नाही, वाकून पेल्यात जाते. सेरेसला गरागरा फिरवून आत कृत्रिम गुरुत्व तयार केलेलं आहे, आणि फिरणाऱ्या जागेत पडणारी वस्तू कोरिऑलिस परिणामामुळे बाजूला सरकते. गंमत म्हणजे त्यावर कुणी एक शब्द बोलत नाही. त्या माणसांना त्याचं काय अप्रूप, ती तिथेच लहानाची मोठी झालेली. मी मात्र तो भाग थांबवून, मागे नेऊन ती धार परत परत पाहिली होती.

अशा जागा मालिकेत ठिकठिकाणी आहेत. यानं अर्ध्या वाटेवर उलटी फिरतात आणि उरलेली वाट वेग कमी करत कापतात, कारण अवकाशात ब्रेक नावाची गोष्ट नसते. लघुग्रहांच्या पट्ट्यात राहणारे लोक बोलताना हातवारे फार करतात, कारण त्यांच्या आज्या-पणज्यांचं अर्धं आयुष्य शिरस्त्राण घालून गेलं, मान हलवलेली दिसायची नाही. त्यांच्यासाठी निक फार्मर या भाषातज्ज्ञाने वेगळी बोली घडवली आहे. कुणीतरी बसून एवढा विचार केलाय, आणि पाहणाऱ्याला तो कळेल असा विश्वास ठेवलाय. त्या विश्वासासाठी मला ही मालिका आवडते.

हे सगळं उभं राहायला वेळ लागतो. सुरुवातीचे भाग पाहताना पृथ्वी कुणाची, मंगळाचं दुखणं काय, पट्ट्यातल्या लोकांचा राग कशावर, हे जुळवता जुळवता दमायला झालं होतं. विज्ञानकथेच्या मालिकेत आधी जग मांडावं लागतं, गोष्ट त्यानंतर धावते. ती धावायला लागली आणि ही बातमी.

१३ मे

कारण शोधून वाचलं. सायफायकडे मालिकेचे हक्क आहेत ते फक्त अमेरिकेतल्या पहिल्या प्रक्षेपणाचे. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी टीव्हीसमोर बसणाऱ्यांवर त्यांची सगळी भिस्त. पुढे तीच मालिका अमेरिकेत अ‍ॅमेझॉन प्राइमवर जाते, बाहेर नेटफ्लिक्सवर, पण त्याचा वाहिनीला उपयोग नाही. नील्सन ही संस्था निवडक घरांत यंत्रं बसवून कोण काय पाहतं ते मोजते, आणि त्यातही जाहिरातदारांचं लक्ष मुख्यतः १८ ते ४९ या वयोगटाकडे.

मी पहिले दोन सीझन नेटफ्लिक्सवर पाहिले, रीतसर पैसे भरून. तरी ज्या आकड्यांवर हा निर्णय झाला त्यांत मी खिजगणतीतही नाही. तिसरा सीझन तर माझ्यापर्यंत अजून आलेलाच नाही. मालिका वाचवायला चाहत्यांनी उघडलेल्या मोहिमेबद्दल वाचताना पुढची गोष्ट फुटेल म्हणून अर्ध्या ओळी सोडून द्याव्या लागतात. न पाहिलेल्या सीझनच्या पुढच्या सीझनसाठी जीव टांगणीला लागलाय.

वाहिनीला खलनायक ठरवायचं माझ्या मनात नाही. तीन सीझन त्यांनीच चालवली, ते सोपं नव्हतं. त्यांचा हिशेब त्यांच्यापुरता चोख असेल. पण ज्या हिशेबात इतके प्रेक्षक धरलेच जात नाहीत, त्याच्या उत्तराला 'लोकांनी पाहिली नाही' म्हणणं मला मान्य नाही. लोकांनी पाहिली. यंत्र होतं तिथे ते नव्हते, इतकंच.

याचिकेवर सही केली. तिथे तरी माझं नाव मोजलं जाईल.

१६ मे

आज जुन्या मोहिमांबद्दल वाचत बसले. सगळ्यात जुनी आणि मला सगळ्यात भावलेली 'स्टार ट्रेक'ची. सप्टेंबर १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर सुरू झालेली मालिका दुसऱ्या सीझननंतर बंद होणार अशी कुणकुण १९६७ च्या अखेरीस लागली. ब्जो आणि जॉन ट्रिम्बल या जोडप्याने पत्रमोहीम हाती घेतली. एकाने दहा जणांना लिहायला सांगायचं, त्या दहांनी प्रत्येकी आणखी दहांना. आज एका बोटाने सही होते. तेव्हा कागद, पाकीट, तिकीट, टपालपेटीपर्यंत चालत जाणं, हे सगळं एका कार्यक्रमासाठी. जानेवारी १९६८ मध्ये कॅलटेक या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेचे विद्यार्थी मोर्चा घेऊन बरबँकच्या एनबीसी कार्यालयावर गेले. उद्या अवकाशविज्ञानात काम करू शकणारी ही मुलं, एका काल्पनिक यानासाठी रस्त्यावर!

१ मार्च १९६८ ला भाग संपल्यावर एनबीसीने प्रक्षेपणातच जाहीर केलं की मालिका पुढे चालू राहणार आहे. हे वाचताना मला खरंच भरून आलं.

मिळालेला तिसरा सीझन मात्र कसा होता? शुक्रवारी रात्री दहाची वेळ, म्हणजे ज्या तरुण मंडळींनी पत्रं लिहिली ती नेमकी घराबाहेर. पैसाही कमी केलेला. ३ जून १९६९ ला शेवटचा भाग दाखवला गेला आणि सात आठवड्यांच्या आत माणूस चंद्रावर उतरला. मालिका आणखी थोडी तगती तर, असं वाटल्याशिवाय राहत नाही.

तरी त्या सीझनमुळे भागांची संख्या ७९ वर गेली, आणि स्थानिक टीव्ही केंद्रांना रोज एक भाग पुन्हा दाखवत राहण्यापुरता साठा तयार झाला. त्या पुनःप्रक्षेपणांतूनच पुढच्या पिढीचे चाहते तयार झाले. म्हणजे ती पत्रं वाया गेली नाहीत. फक्त त्यांचं फळ ज्यांनी मागितलं त्यांना लगेच दिसलं नाही.

१८ मे

मालिका अ‍ॅमेझॉनने घ्यावी म्हणून चाहत्यांनी वर्गणी काढून विमान भाड्याने घेतलं आणि सँटा मोनिकात अ‍ॅमेझॉन स्टुडिओच्या कार्यालयावरून 'सेव्ह द एक्स्पान्स'चा फलक फिरवला. फोटो पाहिला. निळं आकाश, एवढंसं विमान, मागे लांब पट्टी. याला पोरकटपणा म्हणणारे म्हणोत. दरवाजा उघडत नसेल तर माणूस खिडकीखाली उभा राहून हाक मारतोच.

२१ मे

मैत्रीण म्हणाली, "अगं, पुस्तकांवरून काढलेली मालिका आहे ना? मग पुस्तकं वाच आणि मोकळी हो." वाचणारच आहे. पण अभिनेत्री शोहरे अघदाश्लूच्या खरखरीत आवाजातली, अवसराला नावाची ती राजकारणी पुस्तकात कशी ऐकू येणार? साडी नेसून संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीत समोरच्याला शिवी हासडणारी ती बाई, तिच्या बोलण्यातले विराम, एका भुवईवर पेललेली धमकी. ते त्या अभिनेत्रीचं आहे, आणि मालिका गेली की ते जाईल.

ती पुढे म्हणाली, "कधीतरी संपणारच होती." इथे मात्र आमचं वाजलं. संपणं मला चालतं. चांगली गोष्ट संपतेच, संपायलाच हवी. लिहिणाऱ्याने शेवट ठरवावा, त्याकडे पात्रांना नेऊन पोहोचवावं, आणि मग पडदा पाडावा. मधूनच तोडलेल्या गोष्टीत काय होतं, ते 'फारस्केप'च्या चाहत्यांना विचारावं. चार सीझन, ८८ भाग, आणि शेवटच्या भागात नायक-नायिका एकमेकांना मिठी मारून होडीत बसलेले असताना वरून आलेलं यान त्यांच्यावर मारा करतं. दोघांचे स्फटिकाच्या खड्यांसारखे तुकडे होतात. पडद्यावर अक्षरं येतात, 'पुढे चालू'. पुढे काही चालू नव्हतंच, कारण मालिका आधीच रद्द झालेली. चाहत्यांनी पिच्छा पुरवला म्हणून २००४ मध्ये एक लघुमालिका निघाली आणि ते तुकडे पुन्हा जोडले गेले. मधला तो काळ लोकांनी कसा काढला असेल!

'फायरफ्लाय'चं तर विचारूच नये. २००२ मध्ये फॉक्स वाहिनीने मालिकेचा क्रमच बदलला. जग समजावून सांगणारा पहिला भाग मालिका बंद करताना शेवटी दाखवला. चौदा भाग तयार, त्यातले अकराच प्रक्षेपित. आणि मग म्हणायचं, प्रेक्षक जमले नाहीत. चाहत्यांनी डीव्हीडी घेतल्या, दुसऱ्यांना घ्यायला लावल्या, आणि २००५ मध्ये चित्रपट झाला.

या सगळ्यांत मला सर्वांत शहाणी वाटते ती 'जेरिको'ची मंडळी. अणुहल्ल्यानंतर तगून राहणाऱ्या एका लहान गावाची ती गोष्ट. मे २००७ मध्ये सीबीएसने ती बंद केली. शेवटच्या भागात शरण येण्याच्या मागणीला नायक एका शब्दात उत्तर देतो, 'नट्स!' दुसऱ्या महायुद्धात बॅस्तोनच्या वेढ्यात एका अमेरिकन सेनाधिकाऱ्याने जर्मनांना तेच उत्तर धाडलं होतं. चाहत्यांनी तो शब्द धरून सीबीएसच्या कार्यालयात शेंगदाणे पाठवले. वीस टनांहून जास्त. वाहिनीने आणखी सात भाग मंजूर केले. ते करताना निर्मात्यांनी दुसऱ्या सीझनसाठी दोन शेवट चित्रित करून ठेवले, एक मालिका पुढे गेली तर, एक थांबली तर. मार्च २००८ मध्ये ती थांबली आणि दुसरा शेवट दाखवला गेला.

सात भाग आणि एक शेवट. कुणी म्हणेल, वीस टनांच्या बदल्यात एवढंच? मी म्हणेन, मागायचं ते हेच. आम्हाला दहा वर्षं चालणारी मालिका नको आहे. करणाऱ्यांना आधी सांगा, की एवढे भाग आहेत, यात आटपा. मग ते आटपतील, आणि आम्ही निमूट निरोप घेऊ. अर्धा सीझन दाखवून झाल्यावर नको. चित्रीकरण उरकून मंडळी पांगल्यावर कळवायचं, हे करणाऱ्यांवरही अन्यायाचं आहे. पाहणाऱ्यांवर तर आहेच, त्यांनी तीन वर्षं जपून लक्षात ठेवलेलं असतं कोण कुणाशी का वागलं ते.

मैत्रिणीला हे सगळं ऐकवलं. तिने पहिला सीझन बघायचं कबूल केलंय. एक माणूस वाढलं.

२२ मे

अ‍ॅमेझॉनशी बोलणी चालू असल्याची बातमी आहे. पक्कं काही नाही. पाण्यात देव घालून बसले आहे.

२६ मे

वाचली!

लॉस एंजेलिसमध्ये अवकाशविकासाची एक परिषद चालू होती, तिथे मालिकेतले कलाकारही आलेले. काल रात्रीच्या भोजनसमारंभात अ‍ॅमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोसनी मंचावरूनच सांगितलं, की मालिका वाचली आहे, थोड्या वेळापूर्वीच आपल्याला निरोप आला. व्हिडिओत पुढच्या टेबलांवरून एकदम आरडाओरडा ऐकू येतो, कलाकार उठून एकमेकांच्या गळ्यात पडतात. पडद्यावर त्यांना इतकी वर्षं जिवावरच्या संकटांतून सुटताना पाहिलंय, पण असा सुटकेचा आनंद पहिल्यांदाच पाहिला.

एका श्रीमंत माणसाला मालिका आवडत होती म्हणून ती वाचली, असं उद्या लोक म्हणतील. त्यात तथ्य आहे, आणि ते मला बोचतंही. ज्या मालिकेवर असा कुणी फिदा नसेल तिने काय करायचं? पण विमान, सह्या, फुग्याला बांधून वातावरणात खूप उंचावर पाठवलेली मालिकेतल्या रोसिनांटे यानाची प्रतिकृती, हे काही झालंच नसतं तर ही मालिका घेण्यासारखी आहे हे व्यवहार करणाऱ्यांना इतक्या चटकन पटलं असतं का? मला नाही वाटत. आवड एकाची असेल, पण तिच्या पाठीशी हजारो लोक उभे आहेत हे त्याला दिसत होतं.

मैत्रिणीचा रात्री उशिरा निरोप आला. चौथ्या भागापर्यंत पोहोचली आहे आणि मला झोपू देणार नाही असं दिसतंय.

१५ जानेवारी २०२२

काल सहाव्या सीझनचा शेवटचा भाग आला. एकूण ६२ भाग झाले. पुस्तकं नऊ, मालिका सहाव्याच्या गोष्टीपाशी थांबली. त्यानंतर पुस्तकांत जवळपास तीस वर्षांची उडी आहे, त्यामुळे थांबायला ही जागा खरोखर योग्य होती. युद्ध संपलं, रोसिनांटेवरचे नाओमी आणि होल्डन समोरासमोर बसून बोलले, पट्ट्यातल्या लोकांच्या हाती पहिल्यांदा काहीतरी आलं. पट्ट्यातल्यांची म्होरकी ड्रमर, तिचा चेहरा पाहताना मी रडले. या वेळी करणाऱ्यांना आधीपासून माहीत होतं की हा शेवट आहे, आणि ते प्रत्येक प्रसंगात दिसतं.

एक गोष्ट मात्र पटलेली नाही. या सीझनच्या प्रत्येक भागाच्या सुरुवातीला लॅकोनिया ग्रहावरची एक लहान मुलगी दाखवली आहे. तिचा मेलेला भाऊ परत येतो, आणि तो धागा तसाच लोंबकळत सोडून दिलाय. पुस्तकं वाचलेल्यांना त्याचं पुढे काय होतं ते ठाऊक आहे. नुसती मालिका पाहणाऱ्याने काय समजायचं? शेवटच्या सीझनला फक्त सहा भाग दिले. आधीच्या दोन सीझनसारखे दहा द्यायला हवे होते.